पुढच्या खेपेला राहीन

एस्तेर, तुला मातीत ठेवलं त्या दिवशी पाळकांनी योहानाच्या शुभवर्तमानातला तो भाग वाचला. बापाच्या घरी राहायला पुष्कळ जागा आहेत, असं येशू आपल्या माणसांना सांगतो तो. पाऊस नुकताच उघडला होता, मुरमाची ओली माती चपलांना चिकटत होती. तुझा भाऊ, शाळेतल्या बाया, दवाखान्यातल्या दोघी नर्सा, सगळे माना खाली घालून ऐकत होते. मी मात्र मान वर करून बाजूला पाहिलं. सवयच ती. वाटलं, आता तू कानाशी येऊन कुजबुजणार, "सुमन, इथं 'जागा' म्हणून जो शब्द आहे ना, तो आपल्या त्याच क्रियापदातून निघालाय." बाजूला कुणी नव्हतं. एवढ्या माणसांत ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती, आणि जिनं ती मला सांगितली ती समोरच्या पेटीत होती.

मला ग्रीक भाषेतलं एकच क्रियापद येतं, तेही तुझ्यामुळे. मेनो. म्हणजे राहणे. थांबणे. मुक्कामाला असणे. टिकणे, उरणे. जिथं आहोत तिथून न हलणे. कुणाची वाट बघत असणे. एवढे सगळे अर्थ एका शब्दात, आणि त्यांतला प्रत्येक अर्थ तू मला कधी ना कधी ऐकवलास. मधल्या सुट्टीत, बाजारातून मेथीची जुडी घेऊन येताना, चिखलीच्या गाडीची वाट बघताना.

मी शाळेत नवी लागले तेव्हा नवं राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. लग्नाच्या वर्षातच विधवा झाले म्हणून वडिलांनी शिकवलं, संस्कृत घेऊन परीक्षा दिल्या आणि बुलडाण्याला मराठी शिकवायला आले. तू आधीपासून होतीस. भूगोल शिकवायचीस आणि संध्याकाळी प्रौढांच्या साक्षरतेच्या वर्गाला जायचीस. पहिल्याच आठवड्यात तू माझ्यासमोर येऊन बसलीस आणि नाव-गाव न विचारता म्हणालीस, "तुम्ही मराठी शिकवता. पाहुणा घरी राहतो, थांबतो, की मुक्काम करतो?"

"कोणता पाहुणा?" मी विचारलं.

तू टेबलावर हात आपटलास. "बरोबर! हेच कुणी विचारत नाही."

मग हळूहळू कळलं. नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसांसाठी योहानाचं शुभवर्तमान सोप्या मराठीत काढायचं असं तुमच्या ख्रिस्ती मंडळींच्या एका समितीनं ठरवलं होतं. ते काम तुझ्या वडिलांकडे आलं. ते पाळक, ग्रीक शिकलेले. तुझ्या भावाला त्या भाषेची गोडी लागेना, तेव्हा तू हट्टानं मागून घेतलीस, आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं अक्षरं काढून तुला शिकवलं. वडील अर्ध्यावर गेले. उरलेला खर्डा करायची परवानगी तुला मिळाली, पण "शेवटचा शब्द समितीचा" असं बजावून. ते वाक्य तू नक्कल करून सांगायचीस, घसा खाकरून.

मेनोवर तू अडली होतीस. ते क्रियापद त्या पुस्तकात सारखं येतं. सुरुवातीलाच दोन माणसं येशूच्या मागं मागं जातात आणि विचारतात, तू कुठं राहतोस? तो म्हणतो, या आणि बघा. पुढं गव्हाचा दाणा येतो. मातीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो. आणि शेवटच्या जेवणाला तो आपल्या माणसांना वेल आणि फांदीची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, माझ्यात राहा. सगळीकडं मेनो. तुझं म्हणणं, सगळीकडं 'राहणे' हाच शब्द हवा.

"मराठी अशी चालत नाही," मी म्हणायची. "फळ राहत नाही, टिकतं. गाडी राहत नाही, थांबते. पाहुणा मुक्काम करतो. जिथं जे शोभतं ते घाल."

"आणि वाचणाऱ्याला कळणार कसं?"

"काय कळणार?"

"की पहिल्या दिवशी त्या दोघांनी विचारलं, तू कुठं राहतोस, आणि त्याचं उत्तर तो शेवटच्या दिवशी देतोय. माझ्यात राहा. शब्द बदललास की उत्तर कुठं आणि प्रश्न कुठं."

मी म्हणायची, साधा माणूस एवढं जुळवत बसत नाही, त्याला वाक्य कानाला बरं लागलं की पुरे. तू म्हणायचीस, साधा माणूसच जुळवतो, त्याला दुसरं पुस्तक कुठं असतं? ह्यावर मी चहा टाकायला उठायची.

उठायची ती तुझ्याच स्वयंपाकघरात. माझी भाड्याची खोली पहिल्याच पावसाळ्यात गळायला लागली आणि मी वळकटी घेऊन तुझ्याकडे आले, ती श्रावण सरेपर्यंत तिथंच होते. त्यानंतर दर पावसाळ्यात. तुझ्या ताटात जेवले, तुझं पातळ नेसून शाळेत गेले. मी तुझ्याकडे राहिले हे मला तेव्हा कधी मोजून सांगावंसंही वाटलं नाही, इतकं ते सहज होतं. अवघड होतं ते उलट्या बाजूनं.

बायांचं बोलणं ऐकायचं म्हणून तू माझ्या गावी यायचं ठरवलंस. चिखलीहून अमडापूर, आणि तिथून पायी आमचं गाव. वाटेत तू बडबडत होतीस, आणि मी मनात ओसरी, स्वयंपाकघर, आई, दादा, वहिनी असं काहीतरी रचत होते. तुझे आजोबा मूळचे वरवट बकालच्या पलीकडच्या एका खेड्यातले, गावकुसाबाहेरचे, हे आमच्या घरी ठाऊक होतं. मीच एकदा बोलून गेले होते.

आईनं ओसरीत तुझ्यासाठी पोतं अंथरलं. सतरंजी आत होती. चहा आला तो बाहेरच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपातून. तू चहा घेतलास, हौदावर जाऊन कप विसळलास आणि कोनाड्यात पालथा घातलास. कुणी सांगितलं नव्हतं. तुला ती रीत पाठ होती. माझे हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले.

आणि तू मात्र हसून आईकडे वळलीस, आमच्या बोलीत. "मावशी, एक सांगा बरं. पाव्हना आला अन् दोन दिस घरी होता, तं तुमी काय म्हन्सान? राह्यला म्हन्सान का मुक्काम केला म्हन्सान?"

आईनं माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं. "बाप्पा! ह्या पोरी काय इचारून राह्यल्या?"

तू एवढ्या जोरात हसलीस की गोठ्यातली गाय वळून बघायला लागली. परतीच्या वाटेवर तुझं तेच. "ऐकलंस? इचारून राह्यल्या! अगं, तुमच्या बोलीत ते क्रियापद वाक्यावाक्याला आहे. खाऊन राह्यला, बोलून राह्यला. माणूस निघालेला असतो तरी म्हणतो, जाऊन राह्यलो."

"पुण्याची माणसं हसतात ह्याला," मी म्हणाले.

"हसू देत. मी समितीला हे लिहून कळवणार आहे."

कळवलंस. उत्तर आलं नाही.

त्याच दिवशी अमडापूरला गाडीची वाट बघताना तू मला शोमरोनाची गोष्ट सांगितलीस. येशू एका गावाच्या विहिरीवर बसतो. ते गाव शोमरोनी लोकांचं. त्यांचं आणि यहुद्यांचं भांड्याला भांडं लागत नाही. तो तिथल्या बाईजवळ पाणी मागतो. बाई गावात जाऊन सांगते, आणि मग गावची माणसंच येऊन त्याला म्हणतात, आमच्याकडे राहा. आणि तो दोन दिवस राहतो.

हे सांगताना तू रस्त्याकडे बघत होतीस. मी खाली.

मला काहीतरी बोलायचं होतं आणि मी भलतंच बोलले. "दोन दिवस म्हणजे मुक्काम, एस्तेर. तिथं तरी 'मुक्काम केला' असंच हवं."

तू पिशवी खांद्याला अडकवलीस. मग म्हणालीस, "मुक्काम करणारा आपलं भांडं आपल्याबरोबर आणतो, सुमन."

गाडी आली. तो वाद तिथं तुटला तो तुटलाच. नंतर कितीदा तरी आपण त्याच्याजवळ जाऊन परत आलो. चेष्टेनं, रागानं, एकदा तर शाळेच्या स्नेहसंमेलनात पडद्यामागं, मुलींना गजरे घालता घालता. तू 'राहिला' सोडलं नाहीस, मी 'मुक्काम' सोडला नाही. आज खरं सांगायचं तर मला शब्दाशी फारसं देणंघेणं नव्हतं. 'राहिला' म्हटलं की मला आमची ओसरी दिसायची, म्हणून मी अडून बसायची.

तुझ्या आजोबांचं तू मला खूप नंतर सांगितलंस, आणि तेही भाकरी थापत, सहज बोलावं तसं. ख्रिस्ती झाल्यावर त्यांचं पाणी तुटलं. मजुरीला कुणी बोलवेना. एके सकाळी त्यांनी बाजेसकट संसार बैलगाडीत घातला आणि घाट चढून बुलडाण्याला आले. "लोक म्हणतात, तुमचे आजोबा गाव सोडून आले," तू म्हणालीस. "त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांना राहायचं होतं." एवढं बोलून तू भाकरी उलटलीस.

आईच्या डोळ्यांचं झालं त्या वर्षी सगळं थोडं सैल झालं. मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन बुलडाण्यालाच करायचं ठरलं. माझी परीक्षांची गडबड, वहिनीला तान्हं मूल. दवाखान्यात आईजवळ तू बसलीस. डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही, घास भरवावा लागायचा. तू भरवायचीस. पट्टीखालून आईला कुणाचा हात ते कळत नाही, असं आपण तिघी धरून चाललो होतो. तिला कळत होतं. एकदा मी भरवायला बसले तर ती म्हणाली, "तू नोको. तुह्या हातचं सांडते. तिले बोलाव."

त्यानंतर तू गावी आलीस तेव्हा पोत्याच्या जागी सतरंजी होती. कान तुटलेला कप कोनाड्यात नव्हता. कुठं गेला, कुणी फोडला, मी विचारलं नाही. आई तुला "इस्तर" म्हणायची, तुझ्यासाठी शेवया पाठवायची, शेतातल्या पहिल्या हरभऱ्याचे सोले बांधून द्यायची. "इस्तर कवा येऊन राह्यली?" हा तिचा पहिला प्रश्न असायचा, मी कशी आहे हा दुसरा.

पण ऊन कलायला लागलं की ओसरीत काहीतरी बदलायचं. आई उठून आत जायची. दादा शेतातून यायची वेळ व्हायची. तू आपणहून पिशवी उचलायचीस, आणि मी तुला अमडापूरपर्यंत पोचवायला निघायची. कुणी म्हणायचं नाही, राहा. कितीतरी वर्षं.

एकदा मी आईला म्हटलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. तू निघून गेल्यावर मी स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आई, तिले एकदा राह्य म्हण नं."

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुले काय, सुमे. तू बुलडान्याले राह्यतं. आमाले या गावात राह्याचं हाय. दादाच्या पोरी उजवाच्या हायेत."

ती रागावून बोलली नव्हती. रडवेली झाली होती. माझ्या मनात आलं, हे वाक्य तुला सांगितलं तर तू त्यातलं क्रियापद उचलशील आणि डोळे मोठे करून म्हणशील, बघ. म्हणून नाही सांगितलं. आणि सांगितलं असतं तर तू तसं काहीच म्हणाली नसतीस, हेही मला तेव्हाच ठाऊक होतं.

ह्या उन्हाळ्यातली तुझी शेवटची खेप. खर्डा पुरा झाला होता. समितीचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी बुलडाण्याला येऊन तो नेणार होते. नेण्याआधी तुला शोमरोनाचा अध्याय आमच्या ओसरीत बायांना वाचून दाखवायचा होता, कानाला कुठं खटकतंय बघायला. दुपारच्या वेळी पाच-सात बायका जमल्या. कुणी वाती वळत होतं, कुणी लेकराला पाजत होतं. तू वाचायला लागलीस.

विहिरीवरची बाई येशूला म्हणते, तुझ्याजवळ पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे. तिथं शेजारची पार्बता मध्येच बोलली, "खरंच तं बोलते थे. पोहरा नाई तं पानी काय हातानं काढन?"

"ऐक तं खरं," दुसरी म्हणाली.

"ऐकूनच राह्यली नं मी!"

तू माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेस. गावची माणसं त्याला राहा म्हणतात आणि तो राहतो, इथपर्यंत आलीस तेव्हा तुझा आवाज सरळ होता, एवढासुद्धा जोर दिला नाहीस. बायांना काही खटकलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "चांगले होते माय थे लोकं." आणि सगळ्या आपापल्या घरी गेल्या.

आई खांबाला टेकून बसली होती. तू कागद गुंडाळून पिशवीत ठेवलेस, पायात चपला घातल्यास. तेवढ्यात दादा शेतातून आला आणि दारात उभा राहिला. रोजच्यासारखी आई आता आत जाईल असं मला वाटलं. ती उठली, पण आत गेली नाही. दादाच्या देखत म्हणाली, "आज राह्य वं, इस्तर. सकाळच्या गाडीनं जाजो."

दादानं आईकडे पाहिलं. मग डोक्याचा रुमाल सोडला, झटकला आणि म्हणाला, "राहू द्या नं." एवढंच. हातपाय धुवायला मागं निघून गेला.

एस्तेर, तुझा चेहरा मी तेव्हा नीट बघितला नाही. मी आईकडे बघत होते. ते माझं राहून गेलं. तुझा आवाज मात्र कानात आहे. "मावशी," तू म्हणालीस, "सकाळी तो मानूस येऊन राह्यला बुलडान्याले. कागद त्याच्या हाती द्याचे हायेत. पुढच्या खेपेले राह्यतो."

"नक्की?"

"नक्की. पुढच्या खेपेले नक्की राह्यतो."

आईनं मान हलवली आणि घाईघाईनं आत जाऊन तुझ्या पिशवीत घालायला काहीतरी शोधायला लागली. लिंबाचं लोणचं दिलं.

अमडापूरच्या वाटेवर तू भराभर चालत होतीस. ओढ्याजवळ आल्यावर थांबलीस. "सुमन, मी राहायला हवं होतं का?"

"वेडी आहेस का," मी म्हणाले. "आता दार उघडलंय. पुढं आहेच की."

"हं," तू म्हणालीस. मग चालता चालता, "मला भीती वाटली गं."

"कशाची?"

"माहीत नाही. इतकी वर्षं मी त्या शब्दावर भांडले, आणि खरंच कुणी म्हणालं तेव्हा माझे पाय गाडीकडे निघाले."

मला तेव्हा तुला हाताला धरून मागं फिरवता आलं असतं, असं मी आता रोज म्हणते. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. गाडी चुकेल एवढंच वाटत होतं. संध्याकाळ चांगली होती, उन्हाळ्यातला वारा सुटला होता, आणि मला आनंद झाला होता.

समितीचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यांना दुसरीकडे काम निघालं. पुढच्या आठवड्यात आले, कागद घेऊन गेले. ते तू मला हसत सांगितलंस. मी हसले नाही, तेव्हा तूही थांबलीस.

आषाढात तुझे डोळे पिवळे दिसायला लागले. तू म्हणालीस, कावीळ, पथ्यानं जाईल. उसाचा रस, मुळ्याचा पाला, कुणी सांगेल ते केलंस. श्रावण लागला तेव्हा तू त्याच दवाखान्यात होतीस जिथं आईला घास भरवला होतास, आणि भरवायची पाळी माझी होती. माझ्या हातचं तुझ्याही अंगावर सांडायचं. "मावशी खरंच सांगत होत्या," तू म्हणायचीस.

आईनं निरोप पाठवला होता. "तिले म्हनावं, बरी होऊन पोळ्याले ये. राह्यजो." मी तो तुला सांगितला. तू डोळे मिटून पडली होतीस. वाटलं, ऐकलं नाहीस. बऱ्याच वेळानं म्हणालीस, "सुमन, शेवटच्या अध्यायात ते क्रियापद आहे बघ. पेत्र एका शिष्याबद्दल विचारतो, ह्याचं काय होणार? येशू म्हणतो, मी परत येईपर्यंत ह्यानं राहावं असं माझ्या मनात असलं तर तुला काय त्याचं? तिथं राहणं म्हणजे जिवंत राहणं."

"मग?"

"मग काही नाही. सगळ्या अर्थांनी ते वापरून झालं. तेवढा एक अर्थ माझ्या वाट्याचा दिसत नाही."

मी रागावले. असलं बोलू नकोस म्हणाले, नर्सला हाक मारली, चादर नीट केली, खिडकी लावली. तुला त्या दिवशी बोलायचं होतं आणि मी तुला बोलू दिलं नाही. काय सांगणार होतीस? आईला काही निरोप होता का? त्या वादाबद्दल काही होतं का? का नुसतं हात धरून बसायचं होतं? पोळ्याच्या आधीच तू गेलीस.

आईला सांगायला मी गेले तेव्हा ती अंगणात गोवऱ्या रचत होती. ऐकलं आणि रचतच राहिली. सगळ्या रचून झाल्यावर हात धुतले आणि विचारलं, "कुठी ठेवलं तिले?"

"बुलडान्यालेच. तिच्या बापाजवळ."

"बरं झालं. एकटी नाई," ती म्हणाली. मग पदर तोंडाशी धरून खूप वेळ बसली. दादानं त्या संध्याकाळी बैल आणायला गड्याला पाठवलं आणि स्वतः घरीच थांबला. माझ्याशी दोन-तीनदा बोलायला आला आणि दुसरंच काही बोलून गेला.

दिवाळीच्या सुट्टीआधी पुस्तिका आली. मोठ्या अक्षरांची, पातळ कव्हराची, पहिल्या पानावर फक्त समितीचं नाव. तुझं नाही, तुझ्या वडिलांचंही नाही. तुझ्या भावानं एक प्रत मला आणून दिली. मी आधी वेल आणि फांदीचा अध्याय काढला. तिथं त्यांनी तुझं 'राहा' ठेवलंय, ओळीओळीला. तुला बरं वाटलं असतं. फळाच्या ओळीत 'टिकावे' केलंय, तिथं तू कुरकुरली असतीस. मग शोमरोनाचा अध्याय उघडला. 'त्याने तेथे दोन दिवस मुक्काम केला.'

माझा शब्द, एस्तेर. मी त्यांना कधी लिहिलं नव्हतं, त्यांना माझं नावही ठाऊक नाही. त्यांचं त्यांनीच ठरवलं असणार, मराठीला काय शोभतं ते. मी वाद जिंकले. पेन घेऊन ते खोडावं आणि वर तुझा शब्द लिहावा असं मनात आलं. पण अशा कितीतरी प्रती गावोगाव गेल्या असतील, आणि माझ्या एका प्रतीत मी काय लिहिलं ह्यानं कुणाच्या ओसरीत काय फरक पडणार होता. तशीच ठेवली.

सुट्टीत ती घेऊन घरी गेले. भाऊबीज उलटली होती, दादा बाजाराला गेला होता. आई ओसरीत सूप घेऊन मूग निवडत होती. डोळे आता बरे आहेत तिचे. म्हणाली, "इस्तरनं वाचलं होतं थे पुस्तक हाय का हे? वाच."

मी शोमरोनाचाच अध्याय वाचला. तुझ्यासारखं वाचता येत नाही मला, पण वाचला. विहीर, पोहरा, बाई, गावची माणसं. मुक्काम केला, इथं थांबले.

आई मूग निवडतच होती. "मंग? दोन दिसानं कुठी गेला तो?"

मी पान उलटलं. पुढचं मी कधी वाचलंच नव्हतं. तू होतीस, सांगायला. "आपल्या मुलखाकडं निघून गेला," मी म्हणाले.

"म्हंजे गेलाच."

"हो."

तिनं सूप खाली ठेवलं. "पन लोकायनं म्हटलं अन् तो राह्यला."

"हो. राहिला."

"त्यायनं आधीच, येरवाळीच म्हटलं असन," आई म्हणाली. "चपला घालाची अन् गाडीची येळ होऊ देली नसन."